आमटी सावरखडीची, भाकरी आमची

सावरखडीत ग्रामसभा भरत नसे. कागदावर मात्र वेळच्या वेळी भरायची. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरायचा, माणसं उंबऱ्यात उभी राहून सह्या करायची, आणि शिपाई शेवटच्या घरातून चहा पिऊन निघाला की सभा संपली असं समजायचं. कारभार बजरंग आण्णांकडे होता. आधी ते स्वतः सरपंच होते. जागा बाईला राखीव झाली तेव्हा त्यांची बायको झाली, आणि आता सून होती, वैष्णवी. तिनं पंचायतीचं ऑफिस आतून पाहिलं नव्हतं. लोक म्हणायचे, आण्णांचा कारभार लई शिस्तीचा. ते खरंच होतं. त्या गावात कोणी मोठ्यानं बोलत नसे.

माझी लेक ज्योत्स्ना त्या गावात दिलेली. तिथं भीमनगर म्हणून आमच्या लोकांची वस्ती आहे. ज्योत्स्ना गावाची आशाताई. कोणाच्या पोटात किती महिन्यांचं आहे, कोणाच्या लेकराला डोस द्यायचा राहिला, हे तिला तोंडपाठ. दिवाळीनंतर तिनं गावाच्या मोबाईल ग्रुपवर एक ओळ टाकली: ग्रामसभा कधी आहे? तासाभरात तिला ग्रुपमधून काढलं. दुसऱ्या दिवशी भीमनगरच्या नळाचं पाणी बंद झालं. विचारायला गेलं की सांगायचे, वॉल बिघडलाय, दुरुस्ती चालू आहे. गुढीपाडवा तोंडावर आला तरी दुरुस्ती चालूच होती. वस्तीच्या बाया लांबच्या मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणायच्या. ज्योत्स्नाला कोणी काही बोललं नाही. फक्त तिच्या दारावरून जाताना हंडे जरा जास्त वाजायचे.

माझा जावई संजय शांत माणूस. तो एवढंच म्हणाला, "गावचा सप्ताह झाला की चाकणला भावाकडं जाऊ. तिथं नळ हाय." जायचं म्हणजे ज्योत्स्नाचं काम सुटणार, घराला कुलूप लागणार. तिला जायचं नव्हतं. ती माझ्याकडे आली.

"आई, तू मेंबर हायेस ना?"

"हाय."

"मग कायतरी कर की."

मी शेजारच्या निंबारी ग्रामपंचायतीची मेंबर, राखीव जागेवरची. मेंबर म्हणून मी तोवर जे काही केलं होतं ते सगळं सही या एका शब्दात मावत होतं. पण लेकीला तसं सांगता येत नाही. मी आमचे सरपंच गहिनीनाथ यांच्याकडे गेले. ते आणि बजरंग आण्णा एकाच भावकीतले, लग्नकार्यात शेजारी बसणारे.

गहिनीनाथांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चतुराबाई, दुसऱ्याच्या चुलीत आपण फुंकर मारायची न्हाई. आज आपण त्यांच्या गावात जाऊन इचारलं, ग्रामसभा कावून घेत न्हाई, तर उद्या ते आपल्या गावात येऊन इचारतील."

"आपल्यात होतीय की सभा."

"होती. पण इचारलं तर वाईट दिसतं ना."

तरी ते यायला तयार झाले, कारण आण्णांच्या घरचं जेवण चांगलं असतं. मोरजळचे सरपंच राधाकिशन यांनाही घेतलं. ते रिटायर झालेले मास्तर, त्यामुळे लिहायचं काम त्यांच्याकडे. खुंटेवाडीच्या सरपंचांनी फोनवरून पाठिंबा दिला आणि तो शेवटपर्यंत फोनवरच ठेवला.

आम्ही गेलो तर आण्णांनी दारातच तिघांना नारळ दिले, शाली घातल्या, आणि दोघा सरपंचांना फेटे बांधले. मग चहा आला, मागून पुरणपोळी आली. त्या दोघांना स्टीलचे पेले, मला कागदी कप. घरातले पेले कमी पडले असतील. बऱ्याच घरांत पेले माझ्यापर्यंत येऊनच संपतात. पोळीला मी पोट बिघडल्याचं सांगितलं.

आमच्याकडे रीत अशी की ज्याचं खाल्लं त्याला त्याच्या दारात वाकडं बोलायचं नाही. त्या दोघांनी तीन-तीन पोळ्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे बोलण्यासारखं काही उरलंच नाही. उसाचं झालं, उन्हाचं झालं, आष्टीच्या रस्त्याचं झालं. आम्ही उठलो.

परत येताना जीपमध्ये राधाकिशन गुरुजींनी सरपंचांच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर वाचून दाखवला. "सावरखडीच्या पाणीप्रश्नावर मोकळ्या वातावरणात चर्चा झाली."

मी म्हणाले, "गुर्जी, पाण्याचा शब्द निघाला न्हाई."

"निघाला की," गहिनीनाथ म्हणाले. "मीच काढला. मला ठसका लागलता तवा."

गुरुजींनी विचार केला आणि 'मोकळ्या' हा शब्द काढून टाकला.

पाणी आलं नाही. ज्योत्स्नाचा फोन आला. संजयनं दोन शेळ्यांना गिऱ्हाईक बघितलं होतं. मी पुन्हा गहिनीनाथांकडे गेले. या वेळी ठरलं की तिथं काही खायचंच नाही, म्हणजे तोंड मोकळं राहील. नाही कसं म्हणायचं? तर संकष्टीच्या दिवशी जायचं आणि उपास आहे म्हणायचं. हा डाव गुरुजींचा. त्यांना त्याचा अभिमान वाटत होता.

आण्णा म्हणाले, "उपास का? बरं झालं, आमच्या बी घरात हाय." आणि साबुदाण्याची खिचडी आली, भगर आली, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, केळी, राजगिऱ्याचे लाडू. पुरणाच्या दिवशी एवढे पदार्थ नव्हते. दोघं मान खाली घालून जेवले.

"चतुराबाई, तुमचा पण उपास?" आण्णांनी विचारलं.

"मला उपास न्हाई," मी म्हणाले, "अन् भूक बी न्हाई. आण्णा, भीमनगरचं पाणी कधी सोडता?"

गहिनीनाथांचा हात भगरीत थांबला. गुरुजी केळं सोलत होते, ते सोलतच राहिले.

आण्णा रागावले नाहीत. ते कधीच रागावत नाहीत. "पाणी कोणी बंद केलंय, आक्का? वॉल बिघडलाय. मानूस लावलाय दुरुस्तीला. अन् हे बघा, हा आमच्या गावचा घरातला विषय हाय. तुमच्या गावात काय चाललंय ते मी कधी इचारतो का?"

"न्हाई इचारत," गहिनीनाथ पटकन म्हणाले. "आण्णा कधीच इचारत न्हाईत."

जीपमध्ये बसल्यावर ते माझ्यावर नाराज होते. "चतुराबाई, तुमी सगळं बिघडवलं. संबंध सुधरत चाललेते."

"कोणाचे?"

"आमचे."

त्या दिवशीच्या मजकुरात 'काळजी वाटते' असं घालावं की 'थोडी काळजी वाटते' असं घालावं, यावर गाव येईपर्यंत बोलणं झालं. शेवटी काळजीच काढली आणि उपासाच्या शुभेच्छा टाकल्या.

आता सप्ताहाचं सांगते. आमच्या भागात गावोगाव सप्ताह बसतो. दिवसभर भजन-कीर्तन आणि मग पंगत. पंगतीची रीत अशी की ज्याच्या गावात सप्ताह, त्यानं मोठ्या कढईत आमटी करायची, आणि भाकरी करायच्या आजूबाजूच्या गावांनी. रोज एका गावाची पाळी. त्या दिवशी त्या गावात घराघरात बाया पहाटेपासून भाकरी थापतात, टोपली भरतात, ट्रॅक्टर येतो आणि घेऊन जातो. आमटी एका गावाची, भाकरी बाकीच्यांची. त्यामुळे कोणत्याही गावाला एकट्याच्या जोरावर पुण्य मिळत नाही.

सावरखडीचा सप्ताह यंदा आण्णांनी मोठा धरला होता. मंडप नगरहून, पाहुणे मुंबईहून, चौकाचौकात आण्णांचे फोटो. मला वाटलं, भाकरीचा विषय काढावा. अडचण एवढीच होती की माझ्या हातात भाकरी नव्हती. सप्ताहाचा ट्रॅक्टर आमच्या वस्तीकडे कधी वळत नाही. वळण अवघड आहे असं सांगतात. उसाचा ट्रक मात्र वळतो. म्हणजे मला अडवायचं म्हटलं तरी अडवायला काहीच नव्हतं.

म्हणून मी गहिनीनाथांच्या बायकोकडे गेले, वच्छलाबाईकडे. गावातल्या बाया भाकरीचं तिला विचारून करतात. दुपारी अंगणात कुरडया घालणं चाललं होतं. मी पायरीवर बसले. वच्छलाबाई म्हणाली, "वर ये की." तिची सासू म्हणाली, "वर ऊन लई हाय." वर छप्पर होतं. मी पायरीवरच बसले.

मी सगळं सांगितलं. वच्छलाबाईनं सोऱ्या फिरवायचा थांबवला नाही.

"भाकर देवाची असती, चतुरे. ती अडवली तर पाप कोणाला?"

"मी अडवा म्हणत न्हाई."

"मग काय म्हणतीस?"

"मला बी ठावं न्हाई. माझी लेक गाव सोडून चाललीय एवढंच ठावं हाय."

तिनं एक कुरडई घातली, मग दुसरी. ज्योत्स्ना तिच्या ओळखीची. वच्छलाबाईच्या धाकट्या लेकीला ऐन बाळंतपणात दवाखान्यात ज्योत्स्नानंच नेलं होतं. पण ते तिनं काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

"नारळ कोणी दिला?" तिनं एकदम विचारलं.

"कशाचा?"

"सप्ताहाचा. भाकरीचं आवतन म्हणून नारळ येतो ना. तो गावानं द्यायचा असतो. गाव बसतं, ठरवतं, मग गावाच्या नावानं नारळ देतं. माझ्या सासऱ्याच्या काळापासून तसंच हाय. सावरखडीचं गाव बसलं होतं का औंदा?"

"त्यांचं गाव बसतच न्हाई. तेच तर इचारलं पोरीनं."

"मग तो नारळ आण्णाचा. देवाचा बी न्हाई अन् गावाचा बी न्हाई." ती आतल्या दाराकडे बघून म्हणाली, "आवं, तो सावरखडीचा नारळ कुठंय?"

गहिनीनाथ बाहेर आले. "कोणता?"

"शालीबरोबर आणलेला. भाकरीचं आवतन म्हणून तोच दिला ना आण्णानं."

"त्याची चटणी केली न्हाईस का तू परवा?"

वच्छलाबाईनं सोऱ्या खाली ठेवला. "दुसरा इकत आणून परत द्या. अन् सांगा, गाव बसू द्या, गावाचा नारळ येऊ द्या, लगीच तवा ठेवतो. आमी न्हाई म्हणत न्हाई."

"अगं, आण्णाला काय वाटंल?"

"तुमाला भाकरी येतात का थापायला?"

ते आत गेले.

हा निरोप गहिनीनाथांनी पोचवायच्या आधीच बायांच्या फोनवरून सगळीकडे गेला. खुंटेवाडीच्या बायांनी पाठिंबा दिला, त्यांचा मात्र खरा होता. मोरजळचं जरा अवघड झालं. राधाकिशन गुरुजींचा ऊस आण्णांच्या ओळखीनं कारखान्याला जायचा. त्यांनी घरात सांगितलं की भाविक उपाशी राहता कामा नयेत, तेव्हा माणुसकीच्या दृष्टीनं निम्म्या भाकरी पाठवू. बायांनी निम्म्या केल्या. म्हणजे प्रत्येक भाकर निम्म्या आकाराची केली.

पहिल्या दिवशी मोरजळची पाळी होती. त्या पुरीएवढ्या भाकरी पहिल्या पंगतीतच संपल्या. आण्णांनी तयारी ठेवली होती. आष्टीहून मशीनवरच्या चपात्या मागवलेल्या, टेम्पो भरून. पण आमटीत चुरायची असते ती भाकर. चपाती चुरली तर तिचा काला होत नाही, लगदा होतो आणि तो बोटाला चिकटतो. मुंबईच्या पाहुण्यांनी चमचा मागितला. सप्ताहाच्या पंगतीत चमचा मागणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर काय बोलल्यासारखं आहे ते इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हातारे लोक आमटी नुसतीच पिऊन उठले. कोणी काही बोललं नाही, गाव शिस्तीचं होतं. पण कढई निम्मी तशीच राहिली, आणि ती सगळ्यांनी पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा स्वतः निंबारीत आले. गहिनीनाथांनी मला बोलावून घेतलं. या वेळी मी ओसरीत बसले. वच्छलाबाईची सासू कीर्तनाला गेली होती.

आण्णा गहिनीनाथांना म्हणाले, "भावकीत असं करत्यात का?"

"माझ्या हातात काय हाय, आण्णा? हा आमच्या घरातला विषय हाय."

ते हे मुद्दाम म्हणाले की घाबरून, ते मला कळलं नाही. बहुतेक घाबरून.

वच्छलाबाईनं पाट मांडला, ताट वाढलं. ताटात आमटीची वाटी, कांदा, लिंबू. बाकी काही नाही. आण्णांनी वाट पाहिली.

"वैनी, भाकर?"

"गाव बसलं का, भाऊजी?"

आण्णा हसले. "सभेला सात दिस आधी दवंडी लागती. कायदा हाय."

"कायद्याची सभा तुमी अन् तुमचा शिपाई बघून घ्या. आमाला गाव बसलेलं पायजे. मंडप घातलेलाच हाय, माणसं जमलेलीच हायती. नारळ बी मीच देते, घरचा हाय."

"बसवतो की. त्यात काय."

"सगळं गाव," मी म्हणाले. "भीमनगर धरून."

"भीमनगर गावातच हाय, आक्का. आमी कधी न्हाई म्हणलं?"

"पाणी म्हणतंय," वच्छलाबाई म्हणाली.

आण्णांनी आमटीची वाटी उचलली, अर्धी पिली आणि उठले.

त्याच दुपारी गाव बसलं. आम्ही तिन्ही गावचे लोक मंडपाच्या बाहेर बसलो, कारण आत बसणं म्हणजे ढवळाढवळ झाली असती, असं गुरुजींचं मत पडलं. सावली मात्र मंडपाचीच घेतली. कीर्तनाचा स्पीकर चालूच होता, त्यामुळे आतलं सगळं आमच्यासकट शिवारातल्या बैलांनाही ऐकू येत होतं.

वैष्णवीला स्टेजवर बसवलं. खुर्ची महाराजांची होती, म्हणून ती आधी बसेना. शेवटी कडेला बसली. शेजारी आण्णा माईक घेऊन. ते म्हणाले, "गाव बसलंय. नारळ द्यायचं ठरलंय. कोणाची हरकत न्हाई. चला."

"माझं इचारायचंय." ज्योत्स्नाचा आवाज होता. संजय तिच्या शेजारी उभा होता असं नंतर कळलं. बोलला काहीच नाही, पण उभा होता. "भीमनगरचं पाणी कधी सुटणार?"

आण्णा म्हणाले, "वॉलची दुरुस्ती चालू हाय. चावीच मोडलीय त्याची. नवीन चावी पुण्याहून येणार हाय."

आणि मग एक बारीक आवाज आला, माईकपासून लांबचा, पण स्पीकरनं तो उचलला. वैष्णवीचा. ती सासऱ्याला हळू आवाजात, मदत म्हणून सांगत होती, "मोडली न्हाई, आण्णा. देव्हाऱ्याच्या मागं उभी केलीय. मी रोज पुसते की तिला."

बाहेर गहिनीनाथांनी डोळे मिटले.

आत कोणी हसलं नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, "मंग आणा की." मग दुसरा म्हणाला. मग बायांकडून आवाज आला, "आणा की, आमटी निवतीय." आण्णा त्या गावात एवढी वर्षं होते, पण एकाच वेळी इतक्या लोकांना बोलताना त्यांनी पाहिलं नव्हतं. कोणाकडे आधी बघावं ते त्यांना ठरवता येईना. शेवटी ते माईकवर म्हणाले, "चावी सापडली असं समजतंय. पोरी, घेऊन ये."

वैष्णवी स्वतः गेली. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून ती मंडपातून चालत आली. कोणाला द्यायची ते कोणी सांगितलं नव्हतं. तिनं ती ज्योत्स्नाच्या हातात दिली, कारण विचारलं ज्योत्स्नानं होतं.

हे तिला कळून झालं की न कळता, याच्यावर आमच्या गावात अजून दोन मतं आहेत. वच्छलाबाई म्हणते, रोज पुसणाऱ्या बाईला सगळं कळतं.

गुरुजींनी लगेच मजकूर लिहिला: तिन्ही गावांच्या प्रयत्नांना यश. आण्णांनी पण टाकला: आण्णांच्या पुढाकाराने पाणीप्रश्न मार्गी. चावीसाठी एक कमिटी झाली. अध्यक्ष बजरंग आण्णा. ज्योत्स्ना सदस्य. चावी मात्र तिच्याच घरी राहिली, कारण परत न्यायला आण्णांच्या घरचं कोणी भीमनगरात आलं नाही. वळण अवघड आहे.

निंबारीच्या भाकरी तिसऱ्या दिवशी गेल्या, पूर्ण आकाराच्या. मी सप्ताह संपल्यावर लेकीकडे गेले. ज्योत्स्नानं घरातलं भरण्यासारखं सगळं भरून ठेवलं होतं, पातेली, बादल्या, कुकरसुद्धा. संजय दारात उकिडवा बसून नळाकडे बघत होता.

"जावईबापू, चाकणचं काय ठरलं?"

"शेळ्या दोन गेल्या, मामी," तो म्हणाला. "गिऱ्हाईक परत देत न्हाई म्हणतंय."

"मला इचारून इकायच्या होत्या," ज्योत्स्ना आतून म्हणाली.

"चालू राहील का पाणी?" मी विचारलं.

"आण्णाचा काय भरवसा," तो म्हणाला. "सप्ताह वर्षातनं एकदाच येतो."

"मी हाय की," ज्योत्स्ना म्हणाली.

इतके महिने कोरडा राहून नळाचा वॉशर सुकून गेला होता. तोटी कितीही आवळली तरी पाणी गळत होतं. संजय थोडा वेळ त्याला हात लावून बसला. मग उठला, पायात चप्पल घातली आणि वॉशर आणायला कड्याच्या बाजारात गेला.